पगार सहापट झाला, तरी मन का रमत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वय ४१. पुण्यात आयटीत नोकरी, दरमहा २ लाख ६० हजार हातात येतात. पत्नी शाळेत शिकवतात, मुलगी सातवीत आहे, आईवडील कराडला असतात. बाणेरला राहता फ्लॅट आहे, रावेतला दुसरा घेतलाय, त्याचा ताबा अजून मिळायचाय. २०१३ साली तुमचा पगार ४२ हजार होता, कोथरूडला ११ हजार भाड्याच्या घरात राहत होतात आणि तेव्हा आपण जास्त आनंदात होतो असं तुम्हाला राहून राहून वाटतं. तुम्ही विचारलंय: पैशाने सुख येतच नाही का? नेमका किती पैसा पुरेसा? आणि हे सगळं सोडून कराडला निघून जावं का?

मी पंचवीसहून अधिक वर्षं कुटुंबांच्या पैशाचं नियोजन करते. माझ्यासमोर डॉक्टर बसतात, शिक्षक बसतात, कंपनीतले कामगार, बागायतदार, आणि तुमच्यासारखे आयटीतले तर पुष्कळ. येतात पैशाचं काम घेऊन आणि अर्ध्या तासात बोलणं भावाकडे, सासूबाईंकडे, मुलाच्या अभ्यासाकडे वळतं. त्या अनुभवावरून सरळ सांगते: पैशाने सुख येतं, आणि भरपूर येतं. "पैशात काय ठेवलंय" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी महिनाअखेरीला सिलिंडर संपल्याची धास्ती कधी घेतलेली नसते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ही म्हण ज्या घरांतून आली, त्या घरांनी तसे दिवस काढलेले आहेत.

पैशाची चणचण असली की माणसाच्या डोक्याचं काय होतं, हे तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झालेल्या एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. उसाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. कराडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्यांनी ४६४ शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी आणि पैसे आल्यानंतर एकाच प्रकारची बुद्धीची कोडी सोडवायला दिली. माणसं तीच, पण पैसे येण्याआधी त्यांची बरोबर उत्तरं कमी आली आणि वेळ जास्त लागला. तोडणीआधी त्यांच्यापैकी ७८ टक्के लोकांनी काही ना काही गहाण ठेवलेलं होतं, नंतर हे प्रमाण ४ टक्क्यांवर आलं. कोणाचा ऊस कधी तुटणार हे कारखान्याच्या पाळीवर ठरत असल्यामुळे एकाच वेळी काहींचे पैसे आलेले आणि काहींचे यायचे असायचे, म्हणजे हा फरक ऋतूचा किंवा सणावाराचा म्हणता येत नाही. तो पैशाच्या काळजीचाच होता.

आपल्याकडे उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला किमान भाव, कारखान्याने १४ दिवसांत द्यावी असा नियम आहे. ती थकते तेव्हा काय होतं हे मी घरात बसून पाहिलंय. एरवी गुंठ्यांचा आणि टनांचा हिशेब तोंडी करणारा माणूस मुदत ठेवीबद्दलचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, कारण त्याचं निम्मं लक्ष दुकानदाराच्या उधारीत आणि मुलाच्या वसतिगृहाच्या फीमध्ये अडकलेलं असतं. बिल जमा झाल्यावर तोच माणूस मला व्याजदरातली तफावत दाखवून देतो. म्हणून गरीब घराला समाधानाचे उपदेश करणं मला क्रूर वाटतं. त्या घराला आधी पैसा हवा, वेळेवर हवा.

तेव्हा पैशाचं पहिलं आणि सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे घोर मिटवणं. रात्री अकरा वाजता वडिलांना दवाखान्यात दाखल करताना काउंटरवर पन्नास हजार भरायला सांगितले आणि तुम्ही ते निमूटपणे भरून वडिलांजवळ जाऊन बसू शकलात, तर त्या रात्री पैशाने तुम्हाला जे दिलं त्याला सुखच म्हणायचं. ते दिसत नाही एवढंच. त्याच रात्री चार नातेवाइकांना फोन करत जिन्यात उभं राहावं लागलेला माणूस त्याची किंमत बरोबर सांगेल.

आता तुमच्याकडे येऊ. तुमचा घोर केव्हाच मिटायला हवा होता, पण तसं झालं नाही. का, ते बघायचं तर सुख मोजणाऱ्यांनी काय मोजलं हे थोडं समजून घ्यावं लागेल, कारण या बाबतीत अर्धवट गोष्टी फार फिरतात.

डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन, दोघेही अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले, यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून दाखवलं की रोजचा मूड, म्हणजे काल हसलात का, चिंतेत होतात का, हा वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरच्या पुढे उत्पन्नाबरोबर फारसा सुधारत नाही. पण "एकूण आयुष्य कसं चाललंय, शिडीवर कितव्या पायरीवर आहात" असं विचारलं, तर ते उत्तर उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं. लोकांनी यातलं पहिलं वाक्य उचललं आणि ठराविक आकड्यापुढे पैशाचा उपयोग नाही असं सांगत सुटले. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी फोनवरून दिवसभरात अधूनमधून लोकांना त्या क्षणी कसं वाटतंय हे विचारून १७ लाखांहून जास्त नोंदी गोळा केल्या. त्यांना तो टप्पा कुठेच सापडला नाही, आनंद वाढतच गेला. मग कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन, आकडे पुन्हा एकत्र तपासले. दोन विरुद्ध बाजूंच्या संशोधकांनी असं एकत्र बसावं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. २०२३ मध्ये त्यांनी मांडलं ते असं: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. पण जे सगळ्यात दुःखी आहेत, साधारण शेकडा पंधरा-वीस, त्यांचा आनंद एक लाख डॉलरच्या आसपास अडतो. त्यापुढचं त्यांचं दुःख, मग तो घरातला दुरावा असो, शोक असो की नैराश्य, पैशाने हलत नाही.

यातली दुसरी गोष्ट माझ्या कामात जास्त उपयोगी पडते. ही वाढ रुपयांवर चालत नाही, टक्क्यांवर चालते. पगार २० हजारांचा ४० हजार झाल्यावर जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच दोन लाखांचा चार लाख झाल्यावर पडतो. तुमचे ४२ हजार २०१५ मध्ये ७० हजार झाले तेव्हा घरात पेढे आले असतील. गेल्या वर्षी ४२ हजारांचीच नुसती वाढ झाली आणि ती अंगाला लागली नाही, कारण आता ती एकूण पगाराच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. शिवाय सरासरीत हा परिणाम एकूण छोटाच असतो. झोप, प्रकृती, घरातलं वातावरण यांचा त्या दिवशीच्या मनावर पगारापेक्षा जास्त ताबा असतो.

लॉटरीची एक गोष्टही लगे हाथ सांगून टाकते. लॉटरी लागलेले लोक काही काळाने जैसे थे होतात, हे सगळीकडे सांगितलं जातं. ते येतं १९७८ च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासातून, आणि त्यात लॉटरी जिंकलेले होते फक्त २२ जण. २०२० मध्ये स्वीडनमधल्या विजेत्यांचा खूप मोठा अभ्यास आला. त्यात मोठी रक्कम जिंकलेले लोक पाच-दहा वर्षांनंतरही आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. म्हणजे माणसाला सगळ्याची सवय होते हे म्हणणं अर्धंच खरं आहे. गाडीची, सोफ्याची, फोनची सवय होते. निर्धास्त झोपेची तेवढी होत नाही.

आता तुमचा हिशेब. तुम्ही आकडे दिलेत म्हणून बरं झालं. बाणेरच्या फ्लॅटचं ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता ६९ हजार. रावेतचं ६० लाखांचं, हप्ता ५२ हजार. गाडीचा १६ हजार. क्रेडिट कार्डावर फोन आणि फर्निचर मिळून ८ हजार. महिन्याला १ लाख ४५ हजार पगार जमा झाल्या झाल्या निघून जातात. म्हणजे शंभरातले जवळपास ५६ रुपये आधीच दिलेले आहेत. २०१३ मध्ये ४२ हजारांतून भाड्याचे ११ हजार गेले की बाकीचे तुमचे होते. शंभरातले २६ बांधलेले, ७४ मोकळे. तुम्हाला आठवतो तो आनंद या मोकळ्या पैशाचा होता, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा साहेब नको तसं बोलला तर नोकरी बदलायची हिंमत होती. आज कंपनीत कपातीची कुजबुज सुरू झाली की तुम्हाला झोप लागत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

पुरेसा पैसा किती, हे ठरवताना लोक पगाराचा आकडा विचारतात. मी विचारते, त्यातला मोकळा किती? सव्वा लाख पगार आणि पंधरा हजार हप्ता असलेलं घर माझ्याकडे येतं तेव्हा नवराबायको सुट्टीबद्दल, मुलांबद्दल बोलतात. चार लाख पगार आणि अडीच लाख हप्ते असलेलं घर येतं तेव्हा पूर्ण तास व्याजदर कधी उतरणार यावर जातो. ही दुसरी घरं बाहेरून श्रीमंत दिसतात, पण आतून ती ऊसबिलाची वाट बघणाऱ्या घरासारखीच वागतात, आणि त्यांचं डोकंही तसंच थकलेलं असतं.

सिंगापूरमध्ये २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६ गरीब कुटुंबांचं थकलेलं कर्ज एका संस्थेने एकरकमी फेडलं. तीन महिन्यांनी त्यांची चिंता कमी झाली होती आणि विचारही जास्त नीट चालत होता. त्यात लक्षात ठेवण्यासारखं हे, की किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती पूर्ण बंद झाली याचा परिणाम मोठा होता. प्रत्येक चालू कर्ज मनात आपली एक जागा अडवून बसतं. म्हणून मी लोकांना छोटी कर्जं आधी संपवायला सांगते, व्याजाच्या शुद्ध गणितात दुसरं कर्ज आधी फेडणं थोडं फायद्याचं ठरत असलं तरी.

रावेतचा फ्लॅट विका. हे तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. "जागेचे भाव कधी पडत नाहीत" हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात वडीलधाऱ्यांनी रुजवलंय आणि त्यांच्या काळापुरतं त्यात तथ्य होतं. पण तुम्ही साडेआठ टक्क्यांनी पैसे घेऊन अशी जागा घेतलीय जिचं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्के येईल. मधली सगळी तफावत तुम्ही दर महिन्याला पगारातून भरताय, आणि त्यासोबत ताब्याची वाट, बिल्डरचे फोन, मेंटेनन्सचं डिपॉझिट. विकताना बिल्डरचं ना-हरकत पत्र आणि हस्तांतर शुल्क लागेल, कर किती बसतो ते सीएकडून आधी काढून घ्या. जे हातात उरेल त्यातून गाडीचं आणि कार्डाचं पूर्ण मिटवा. मग तुमचा एकच हप्ता राहील, ६९ हजार. २ लाख ६० हजारांतले ६९ हजार म्हणजे शंभरातले सव्वीस-सत्तावीस. कोथरूडला जेवढे होते तेवढेच.

तुलनेबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी आली, शाळेच्या ग्रुपवर कोण कॅनडाला गेलं. एकच सुचवते. दुसरा फ्लॅट घ्यायचं तुम्ही ज्या महिन्यात ठरवलंत, त्या महिन्यात तुमच्या ओळखीतल्या कोणी घेतला होता का, हे आठवून बघा. बहुतेकांना नाव आठवतं.

मोकळा झालेला पैसा लावायचा कुठे, हा यापुढचा प्रश्न. माझ्या मते आधी वेळेवर. २००४ मध्ये कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला. कामावर जाण्यायेण्याचा प्रवास सगळ्यात नकोशा गोष्टींत निघाला, आणि आपल्या माणसांबरोबर घालवलेला वेळ सगळ्यात हव्याशा. तुम्ही बाणेरहून हिंजवडीला जाता, तुम्हाला अभ्यासाची गरज नाही, वाकडच्या पुलाखाली उभं राहिलात की कळतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हँकुव्हरला ६० नोकरदारांना दोन शनिवार-रविवारी ४०-४० डॉलर दिले; एकदा वस्तू घ्यायची, दुसऱ्यांदा वेळ वाचेल असं काहीतरी. वेळ वाचवला त्या दिवशी लोक जास्त खूश होते. तरी अशा कामाला पैसे खर्चायला आपल्याकडे जीव होत नाही. वीस हजारांचा फोन सहज घेणाऱ्या घरात पोळ्यांना बाई लावायची की नाही यावर वर्षभर चर्चा चालते, आणि त्या चर्चेचा भार बहुतेक वेळा एकाच माणसावर असतो. तो माणूस कोण, हे तुमच्या घरात तुम्ही बघा.

माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक काम हमखास देते. तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट छापून आणायचं, दोघांच्या हातात वेगळ्या रंगाचं पेन, आणि ज्या खर्चाकडे बघून आजही बरं वाटतं त्यावर खूण करायची. एकमेकांना विचारायचं नाही. एक जोडपं डोळ्यांसमोर आहे, दोघंही इंजिनीअर. लोणावळ्याचं २३ हजारांचं रिसॉर्ट, दोघांनीही खूण केली नाही. बाई म्हणाल्या, "येताना ट्रॅफिकमध्ये भांडलो होतो ना आपण." चाळीस हजारांचा टीव्ही, खूण नाही. ४८० रुपयांवर दोघांच्याही खुणा होत्या. रविवारी सकाळी त्यांच्या वडिलांना घेऊन मिसळ खायला गेले होते, वडिलांनी आजारपणानंतर पहिल्यांदा दुसरा पाव मागितला होता. पोळीभाजी करणाऱ्या ताईंच्या ६,२०० वर बाईंची खूण, साहेबांची नाही. साहेब त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. भाचीच्या परीक्षेची फी दीड हजार, तीही दोघांची. त्या जोडप्याने पुढच्या वर्षीची सुट्टी रद्द केली नाही, पण रिसॉर्टऐवजी आईवडिलांना घेऊन गणपतीपुळ्याला साध्या लॉजवर राहायचं ठरवलं.

दुसऱ्यासाठी केलेला खर्च जास्त सुख देतो, हेही मोजलं गेलंय. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना सकाळी पाच किंवा वीस डॉलरचं पाकीट दिलं. काहींनी ते स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर संध्याकाळच्या आत खर्च करायचं. दुसऱ्यावर खर्च केलेले जास्त आनंदी होते आणि पाच की वीस याने फरक पडला नाही. मात्र माझ्या अनुभवात हे तेव्हाच लागू पडतं जेव्हा देणं मनाचं असतं. लग्नातला मानपान आणि दरवर्षी नातेवाइकांना द्यावी लागणारी उसनी रक्कम यांवर त्या जोडप्यांच्या खुणा कधीच नसतात.

एकदम आलेल्या मोठ्या पैशाबद्दलही सांगते, कारण कराडची शेती विकून पैसा करावा का असंही तुम्ही सहज विचारून गेलात. समृद्धी महामार्गात जमीन गेलेलं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. दोन भाऊ, एक बहीण. मोबदला मोठा होता. धाकट्याने दुसरीकडे जमीन घेतली, विहीर काढली, मुलांच्या शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवले, सगळं शहाणपणाचं. थोरल्यानेही काही उडवलं नाही. बिनसलं ते बहिणीच्या सहीवरून. हक्कसोड पत्रावर सही कर, साडीचोळी करू, असं तिला सांगितलं गेलं. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, हे तिच्या मुलीने तिला सांगितलं. तिने सही केली नाही. वाटणी अखेर झाली, रीतसर झाली, तिघांच्याही खात्यात आयुष्यात पाहिली नव्हती एवढी रक्कम आली. त्या वर्षी राखीपौर्णिमेला ती माहेरी गेली नाही, नंतरही नाही. धाकटा माझ्यासमोर ठेवीची पावती हातात घेऊन बसला होता आणि बोलत होता तो फक्त ताईबद्दल. तिला तिचा वाटा पहिल्या दिवशी, न मागता, मानाने दिला असता तर तिघांचेही पैसे आज तेवढेच असते. शेतीचा विषय काढाल तेव्हा तुमच्या बहिणीला पहिल्या बैठकीपासून बोलवा.

आयुष्य भरलेलं कशाने वाटतं, हे मला निवृत्त लोकांकडून शिकायला मिळालं. अमेरिकेतल्या हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, सुरुवातीला ७२४ पुरुष होते, निम्म्याहून जास्त बोस्टनच्या गरीब वस्त्यांतले, बाकीचे हार्वर्डचे विद्यार्थी. आज त्यांच्या मुलांपर्यंत तो पोचलाय. पन्नाशीत ज्यांची नाती सगळ्यात समाधानाची होती ते ऐंशीत सगळ्यात निरोगी निघाले, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा हे जास्त बोलकं ठरलं, असं त्याचे सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात. माझ्या फायलींमध्ये मला हेच दिसतं, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. नात्यांबरोबर आपली कोणाला तरी गरज लागावी, तीही आपल्या हातच्या कामासाठी, हे फार लागतं.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मेकॅनिक माझ्याकडे येतात. डिझेल इंजिनचा हात इतका बसलेला की आवाजावरून बिघाड सांगतात. आषाढी वारीच्या आधी गावातल्या दिंडीचा ट्रक आणि पाण्याचा टँकर त्यांच्या दारात उभा असतो. वारीत ते सासवडच्या मुक्कामापर्यंत टँकरसोबत असतात. दिवे घाट चढून आलेल्या गाड्यांचे रेडिएटर, फॅनबेल्ट, क्लचप्लेट, रात्री बॅटरीच्या उजेडात काम चालतं. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. त्यांना येणारी पेन्शन इतकी थोडी आहे की तिच्यात एका माणसाची औषधं निघणं कठीण. तरी माझ्या ओळखीतल्या सगळ्यात तृप्त माणसांत मी त्यांना धरते. मात्र त्यांच्या गोष्टीतला दुसरा भाग लोक सांगत नाहीत, तो मी सांगते. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांची जुनी, पूर्ण पेन्शन घरात येते. घर कर्जाशिवायचं आहे. दोघांचा आरोग्य विमा आहे. त्यांचं फुकट काम या पायावर उभं आहे, आणि ते स्वतः हे मोकळेपणाने मान्य करतात. गरिबीत सुख असतं म्हणून कोणी त्यांचं उदाहरण देऊ नये.

यावरून तुमच्या पत्नीबद्दल एक विचारायचंय. तुमच्या पत्रात त्यांचा पगार किती, तो कुठल्या खात्यात जातो, याचा उल्लेख नाही. तो तुमच्या संयुक्त खात्यात जमा होऊन हप्त्यात वितळत असेल तर आधी ते थांबवा. भिशीतल्या बायका मी वर्षानुवर्षं बघतेय. महिन्याला हजार-दोन हजारांची भिशी, रक्कम किरकोळ, पण ती उचलली की काय करायचं हे कोणाला विचारावं लागत नाही. माहेरच्या लग्नाला, दाताच्या डॉक्टरला, मैत्रिणींबरोबर कोल्हापूरला. ज्या बाईच्या हातात असा स्वतःचा पैसा असतो ती घरात वेगळ्या आवाजात बोलते, आणि ते घर जास्त शांत असतं, हे मी निरपवादपणे पाहिलंय.

आता पुरेसा किती, याचं तुमच्यापुरतं उत्तर. हप्ते सोडून तुमचा घरखर्च ९५ हजार आहे. तो आणि बाणेरचा हप्ता मिळून सहा महिन्यांचे दहा लाख रुपये वेगळ्या बँकेत, मुदत ठेवीत, हात लागणार नाही असे. सुमारे दोन कोटींचा मुदतीचा आयुर्विमा, निव्वळ टर्म, बचत-बोनस काही न जोडलेला. कंपनीच्या आरोग्य विम्यावर विसंबून न राहता कुटुंबाचा स्वतंत्र विमा, कारण नोकरी जाते त्याच दिवशी कंपनीचा विमाही जातो. आईवडिलांचा वेगळा, आणि त्यांना मिळत नसेल किंवा फार महाग पडत असेल तर त्यांच्या नावे पाच लाख बाजूला. मुलीच्या शिक्षणाचं आणि तुमच्या म्हातारपणाचं दर महिन्याला जमेल तेवढं, पण नियमाने. मृत्युपत्र करून ठेवा, चाळिशीत ते लवकर होत नाही. एवढं झालं की तुम्ही पुरेशाच्या पलीकडे गेलात असं समजा. त्यापुढचा पैसा जरूर कमवा, मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त तो कोणत्या हप्त्यासाठी कमावताय हे आधी घरात बोलून घ्या.

कराडला जाण्याचा निर्णय आत्ता घेऊ नका. दमलेल्या माणसाला गाव फार सुंदर दिसतं. आधी रावेतचं मार्गी लावा, छोटी कर्जं बंद करा, दहा लाख साठवा; यात वर्ष-दीड वर्ष जाईल. दरम्यान ऑफिसमध्ये घरून कामाचे दोन दिवस मागा आणि दर महिन्याचा एक शनिवार-रविवार आईवडिलांकडे जा, पाहुणा म्हणून नाही, त्यांच्या बँकेची आणि दवाखान्याची कामं करायला. एकदा सलग पंधरा दिवसांची रजा काढून तिघंही तिथे राहा. मुलीला तिथली शाळा दाखवा, पत्नीला तिथे काय काम मिळेल याची चौकशी त्यांनाच करू द्या. त्यानंतरही जावंसं वाटलं तर तुमच्याकडे पगार सोडण्याइतका मोकळा पैसा असेल आणि मी स्वतः तुम्हाला त्याचं गणित मांडून देईन. स्टेटमेंटचं काम मात्र याच महिन्यात करा. दोन रंगांची पेनं घ्या आणि पहिली खूण पत्नीला करू द्या.